समज देऊन सोडले

गोपनीय शाखेत मी एकोणीस वर्षं काढली, आणि त्या शाखेत गोपनीय असं काही नसतं हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. साधे कपडे, पायात चप्पल, खिशात घडी घातलेली वही, असा मी एखाद्या गावात एसटीतून उतरलो की चहावाला लांबूनच ओरडायचा, "या गोपनीय! साखर कमी ना?" माझ्या साखरेचं अख्ख्या गावाला माहीत होतं. गावाचं सगळं मला माहीत असावं म्हणून सरकार मला पगार देत होतं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी पोलिसाच्या नोकरीतले थरारक प्रसंग मागितले आहेत. माझ्याकडं नाहीत. मी दरोडेखोर पकडले नाहीत, गोळीबार पाहिला नाही. मी लोकांच्या पोस्टी पकडल्या. ज्यांना थरार हवा असेल त्यांनी पुढची कथा वाचायला घ्यावी.

माझं गाव वडूजच्या पलीकडं, कोरडवाहू मुलखात. नोकरी मात्र सगळी सांगली जिल्ह्यात, उसाच्या पट्ट्यात गेली. आमच्याकडं पाणी नाही म्हणून माणसं भांडतात, इकडं आहे म्हणून भांडतात, एवढाच फरक. गोपनीयवाल्याचं काम म्हणजे ठाण्याच्या हद्दीत कोण काय बोलतंय ते सकाळी दहाच्या आत साहेबांच्या कानावर घालणं. मोर्चाला माणसं किती, सभेत टाळ्या कुठल्या वाक्याला पडल्या, जत्रेत मानावरून कुठल्या दोन भावक्यांची धुसफूस आहे. शिवाय पासपोर्टची आणि सरकारी नोकरीची चारित्र्य पडताळणीही आमच्याकडंच. कुणाची पोरं फौजेत लागली की त्यांचा कागद माझ्या टेबलावर यायचा, आणि 'वर्तणूक चांगली' हे दोन शब्द मी लिहिल्याशिवाय पुढं जायचा नाही. इकडं घरटी एक माणूस फौजेत, त्यामुळं मला मान होता. मला वाटायचं तो माझ्या स्वभावामुळं आहे.

मग हातोहाती मोबाईल आले. आधी लोक पारावर बोलायचे, आता ग्रुपवर बोलायला लागले, आणि माझं काम पायातून अंगठ्यात आलं. मी साठ-पासष्ट ग्रुपांत होतो. भजनी मंडळ, दूध डेअरी, दहावीची जुनी बॅच, सगळीकडं. रोज सकाळी तीनशे गुलाबाची फुलं पाहून माझा दिवस सुरू व्हायचा. त्या फुलांतून काटा शोधायचा, ही ड्यूटी.

सण आला, निवडणूक आली की ग्रुप चालवणाऱ्या अ‍ॅडमिनला नोटीस बजवायची. आपल्या ग्रुपवर आक्षेपार्ह मजकूर आल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल, इथं सही करा. सांगलीजवळच्या एका गावात हळदीचा व्यापार करणारे जैन गृहस्थ होते, सत्तरीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांना नोटीस दिली तर त्यांनी ती दोनदा वाचली.

"हे अ‍ॅडमिन म्हंजे काय पद हाय?"

"ग्रुपचे प्रमुख, अण्णा."

"मला कुणी केलं?"

"तुमच्या जावयांनी."

"मग राजीनामा कुणाकडं द्यायचा? तुमच्याकडं चालंल?"

मी म्हटलं चालेल. त्यांनी पेढीच्या लेटरहेडवर राजीनामा लिहिला, 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं कारण दिलं, आणि मी तो ठाण्यात आणून आवक क्रमांक टाकून फायलीला लावला. आम्ही सगळे पोट धरून हसलो. नंतर कळलं, त्यांच्यामागं आणखी चौघं बाहेर पडले आणि तो ग्रुपच बंद झाला. तो नात्यागोत्यातला ग्रुप होता. कोण आजारी, कुणाच्या पोरीचं जमलं, एवढंच त्यावर चालायचं. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

दुसरं गिऱ्हाईक एक रिटायर सुभेदार. त्यांनी गावच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात खुर्ची टाकली, हातात मासे धरायचा गळ घेतला आणि मागं नेत्याच्या स्वागताचा फलक येईल असा फोटो काढून ग्रुपवर टाकला. लगेच एक कार्यकर्ता तक्रार घेऊन आला. भावना दुखावल्या म्हणाला.

"कुणाच्या?" मी विचारलं.

"सायबांच्या."

"साहेबांनी फोटो बघितला?"

"न्हाई अजून. बघितला की दुखावतील."

मी सुभेदारांच्या घरी गेलो. ते म्हणाले, "फोटो खोटा हाय का?" मी म्हटलं नाही. "मग आधी खड्डा काढा, मग मी फोटो काढतो." आम्ही चहा प्यालो, त्यांच्या पलटणीच्या गप्पा झाल्या, आणि ठाण्यात येऊन मी डायरीत लिहिलं, 'सदर इसमास समज देऊन सोडले.' समज बिमज काही दिली नव्हती. नोकरीत अभिमानानं सांगावी अशी माझी तेवढी एक कामगिरी, आणि ती डायरीत खोटी लिहिलेली आहे.

'समज देऊन सोडले' हे आमचं ठरलेलं वाक्य. बाहेरच्या माणसाला ते सौम्य वाटतं. गुन्हा नाही, अटक नाही, कोर्टाच्या फेऱ्या नाहीत. माणसाला बोलावून सांगायचं की बाबा, काढून टाक. मला मनापासून वाटायचं की मी लोकांना वाचवतोय. एकदा गुन्हा दाखल झाला की पोराची भरती गेली, पासपोर्ट गेला, तारखांना जाऊन जाऊन चपला झिजल्या. त्यापेक्षा पोस्ट गेलेली काय वाईट? पुढं पुढं नुसती पोस्ट काढून तक्रारदारांचं समाधान होईना. त्यांना माफीचा व्हिडिओ लागायला लागला, तोच ग्रुप-ग्रुपवर फिरवायला. मग तेही काम माझ्याकडं आलं. हात जोडायचे, नाव सांगायचं, तीन वाक्यं बोलायची. ती वाक्यं मी लिहून द्यायचो. कुणाचा फार अपमान होणार नाही आणि तक्रारदारही गप्प बसेल, असा मजकूर मला साधला होता. शेजारच्या ठाण्यातून मला फोन यायचे, "मामा, तेवढी माफी पाठवा की तुमची." पोलिसात जुन्या माणसाला मामा म्हणतात. मामाच्या माफीला मागणी होती, आणि मी त्यावर खूश होतो. आज हे लिहिताना लाज वाटते.

आता जे सांगायचं म्हणून लेखणी उचलली ते सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, आणि माणसांची नावं बदलली आहेत.

दोन-अडीच हजार वस्तीचं, चहूबाजूंनी ऊस असलेलं गाव. तिथं रंजनाताई पिठाची गिरणी चालवायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी ती स्वतः चालवायला घेतली होती. गिरणीत बसणाऱ्या बाईला कुणाच्या घरात काय शिजतं आणि काय शिजत नाही ते सगळं कळतं. त्या वर्षी पंधरा दिवसांत चार घरांतून एकच निरोप आला. पोराला कावीळ झालीय, पथ्य हाय, ज्वारी जरा बारीक दळा. दुसऱ्या कुणी हळहळून सोडून दिलं असतं. रंजनाताई गिरणी बंद करून पाण्याची पाइप कुठून कुठं गेलीय ते बघायला गेल्या.

गावात नुकतीच नवी पाणी योजना झाली होती. शाळेच्या मागच्या वळणावर ठेकेदारानं पाइप सरळ गटारातून नेली होती आणि तिथला जोड गळत होता. पाणी सुटलेलं असताना बाहेर गळायचं, आणि बंद झालं की गटारातलं आत ओढलं जायचं. ताईंनी फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'शाळेमागं पाण्याची पाइप गटारात हाय. जोड गळतोय. चार घरात कावीळ हाय. सगळ्यांनी पाणी उकळून प्यावं. पंचायतीनं बघावं.' शिवी नाही, कुणाचं नाव नाही. मी हजारो पोस्टी वाचल्या आहेत. याहून सभ्य पोस्ट माझ्या पाहण्यात नाही.

पण आठ दिवसांवर त्या योजनेचं उद्घाटन होतं आणि मोठे पाहुणे येणार होते. सरपंचबाईंचे मालक ठाण्यात आले. अफवा पसरवतीया, म्हणाले. साहेबांनी मला बोलावलं. "मामा, गुन्हा नको. कार्यक्रमाच्या तोंडावर पेपरला येईल. समज द्या, व्हिडिओ घ्या, विषय संपवा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी गिरणीवर गेलो. सरपंचबाईंचे मालक माझ्या आधीच दारात उभे होते. ताईंनी गिरणी बंद केली.

"ताई, ती पोस्ट काढून टाका."

"का? खोटी हाय?"

"खोट्या-खऱ्याचा प्रश्न नाही. लोकांत घबराट होते."

"आवं, घाबरला की माणूस पाणी उकळतोय. घाबरू द्या की."

मी इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "पोरीच्या भरतीचं काय झालं?"

अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. काय झालं ते मला माहीत होतं. त्यांची पोरगी निमलष्करी दलात निवडली गेली होती. दोन वर्षं रोज सकाळी कॅनॉलच्या रस्त्यावर पळत होती. तिचा पडताळणीचा कागद माझ्या टेबलावर आठवडाभर पडून होता. मी धमकी दिली नाही. मी नोकरीत कुणालाच धमकी दिली नाही, नुसती चौकशी केली.

ताईंनी हाताचं पीठ पुसलं. "काय म्हणायचं ते सांगा."

मी एका कोऱ्या नोटिशीच्या पाठीवर लिहून दिलं. मी ग्रुपवर टाकलेली माहिती खात्री न करता टाकली होती, त्याबद्दल मी गावाची माफी मागते. माझा मजकूर नेहमी इथंच संपायचा. पण सरपंचबाईंचे मालक म्हणाले, "पाण्याचंबी म्हणायला पायजे, न्हाईतर काय उपेग?" मी खाली आणखी एक ओळ लिहिली, 'गावचं पाणी स्वच्छ आहे, कुणीही घाबरू नये.'

ताईंनी कागद वाचला. "माफी मागते. ही खालची ओळ म्हणणार न्हाई."

"ताई, एका ओळीसाठी पोरीचं कशाला अडवून घेता?"

धमकी दिली नाही असं मी वर लिहिलंय. ते आता खोडून टाकावंसं वाटतंय, पण राहू दे. एकोणीस वर्षं मी स्वतःची समजूत कशी घालत होतो ते तरी कळेल.

ताईंनी हात जोडले. खालच्या ओळीसकट सगळं म्हणाल्या. दुपारच्या आत व्हिडिओ ग्रुपवर आला, आजूबाजूच्या गावांत फिरला, खाली टाळ्या पडल्या. मी डायरीत नेहमीचं वाक्य लिहिलं, आणि लगेच पोरीच्या कागदावर 'वर्तणूक चांगली' लिहून सही ठोकली. एका दिवसात दोन चांगली कामं केल्याच्या आनंदात घरी गेलो. शाळा गिरणीपासून हाकेच्या अंतरावर होती. पाइप बघायला मी गेलो नाही. बघायचं काम माझं नव्हतं, ऐकायचं होतं.

गिरणीला लागून रंजनाताईंचं घर, आणि एका भिंतीपलीकडं हौसाक्कांचं. हौसाक्कांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, सातवा महिना सरत होता. ताईंची पोस्ट वाचल्यापासून हौसाक्का पाणी उकळत होत्या, लेकीसाठी वेगळी कळशी भरून ठेवत होत्या. व्हिडिओ आला, आणि रंजी स्वतःच स्वच्छ म्हणतीया म्हटल्यावर त्यांनी उकळणं बंद केलं.

पिण्याच्या पाण्यातून होणारी कावीळ दिवस भरत आलेल्या बाईला फार वाईट, हे मला नंतर एका डॉक्टरांनी सांगितलं. महिन्याभरात हौसाक्कांच्या लेकीला तीच झाली. सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात सहा दिवस ठेवली होती. पोरगी गेली. बाळही गेलं.

साहेबांनी मला गावात पाठवलं. "मामा, ग्रुपवर लक्ष ठेवा. कुणी काही पेटवायला नको." मी चहाच्या टपरीवर मोबाईल घेऊन दिवसभर बसलो. चहावाला त्या दिवशी साखरेचं विचारायला विसरला. ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' येत राहिलं. पाइपबद्दल एक अक्षर नाही. अडीच हजारांच्या गावात शाळेमागं गटार आहे हे जणू कुणालाच माहीत नव्हतं. संध्याकाळी मी अहवाल दिला, 'गावात शांतता आहे.' इतका खरा अहवाल मी नोकरीत दुसरा लिहिला नाही.

तेराव्याच्या आत पाइप गुपचूप बदलली गेली. पंचायतीला कुणी जाब विचारला नाही, पोलिसांना तर नाहीच. गावानं जाब विचारला तो रंजनाताईंना. तूच म्हणालीस ना पाणी चांगलं हाय? हौसाक्कांनी बोलणं टाकलं आणि दळण शेजारच्या गावाला न्यायला लागल्या. त्यांच्यामागोमाग निम्मं गाव गेलं. ती ओळ कुणी लिहिली, कशी म्हणायला लावली, हे ताई सांगू शकत नव्हत्या. पोरीचं ट्रेनिंग चालू होतं. मी सांगू शकत होतो. रिटायर व्हायला माझे चौदा महिने राहिले होते. मी तोंड उघडलं नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट डोक्यात घुसली, ती अजून निघत नाही. मी गुन्हा नोंदवला असता तर बरं झालं असतं. गुन्हा म्हटला की कोर्ट आलं, वकील आला, आणि कुणीतरी एकदा तरी विचारलं असतं की पाइप गटारात होती का नव्हती. समज दिली की काहीच उरत नाही. कागद नाही, तारीख नाही, दाद मागायला जागा नाही. ज्याला मी वाचवणं म्हणत होतो तो माणसाचं तोंड बंद करायचा सगळ्यात स्वस्त मार्ग होता, आणि मी त्यातला पटाईत कारागीर होतो.

माझ्या निरोप समारंभात साहेब भाषणात म्हणाले, "मामांच्या काळात आपल्या हद्दीत पोस्टीवरून एकही गुन्हा दाखल झाला नाही." टाळ्या पडल्या. मी शाल घेतली.

रिटायर झाल्यावर आठ महिन्यांनी वडूजहून एसटी धरली आणि त्या गावात गेलो. सकाळची वेळ होती. गिरणी चालू होती, पण दारात डबा एकच होता. रंजनाताईंनी मला ओळखलं.

"आवं सायेब? आता कुणाची पोस्ट हाय?"

"मी रिटायर झालो, ताई."

"पेन्शन बसली?"

"बसली."

"मग आलासा," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मला हौसाक्कांना सगळं सांगायचंय. त्या म्हणाल्या, "लय उशीर केलासा. पर चला." त्यांनी गिरणी बंद केली, पदर झटकला आणि माझ्यापुढं चालायला लागल्या. शेजारचं अंगण, पण दोन वर्षांत त्यांनी तिथं पाय ठेवला नव्हता.

हौसाक्का सुपात गहू निवडत बसल्या होत्या. रंजनाताईंना बघून त्यांनी मान फिरवली. मी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. ती ओळ माझी होती. ताई नको म्हणत होत्या. पोरीचा कागद माझ्याकडं अडकला होता आणि मी तो दाखवून त्यांच्याकडून ते म्हणवून घेतलं. मी कुणालाही घाबरून नाही, सवयीनं केलं, हेही सांगितलं. शिव्या मिळतील अशी तयारी करून गेलो होतो. खरं तर त्या मिळाव्यात असं वाटत होतं.

हौसाक्का माझ्याकडं बघेनात. खडे वेचत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून त्यांनी रंजनाताईंना विचारलं.

"तुमच्या घरात तवा पाणी उकळूनच पीत हुतासा न्हवं?"

"व्हय," ताई म्हणाल्या.

"त्यो व्हिडिओ काढल्यावरबी?"

"व्हय, आक्का."

"मग ग्रुपवर न्हाई तर न्हाई गं. भिंतीवरनं मला एक हाक मारायची हुतीस. पोरीला ह्ये पाणी देऊ नगंस, एवढंच म्हणायचं हुतंस. आपल्या दोघीत कोण हुतं ऐकायला?"

रंजनाताईंनी बोलायला तोंड उघडलं. मी रिटायर होऊन आठ महिने झाले होते. हातात वही नव्हती, कुणाचाही कागद माझ्या टेबलावर नव्हता, टेबलच नव्हतं. तरी उत्तर द्यायच्या आधी त्यांनी वळून माझ्याकडं बघितलं.